डेडस्टॉकमधलं चित्र

आमच्या वाचनालयात दोन नोंदवह्या आहेत. पुस्तक आलं की ते दाखल नोंदवहीत चढतं. त्याला क्रमांक मिळतो, शिक्का बसतो, कपाटात ठरलेली जागा मिळते. बाकी सगळं डेडस्टॉक रजिस्टरात जातं: खुर्च्या, पंखे, भिंतीवरचं घड्याळ, पाण्याचा पिंप, लोकमान्यांची तसबीर. लेखापरीक्षक येतात तेव्हा दोन्ही वह्या मागतात, पण खरी मोजदाद पहिलीची होते. दुसरीतली वस्तू मोडली, हरवली, जुनी झाली तर सभेत एक ठराव करायचा आणि तिचं निर्लेखन करायचं.

मागच्या वर्षी गावातल्या एका दिवंगत चित्रकला शिक्षकांच्या मुलीने वडिलांचा संग्रह वाचनालयाला द्यायची इच्छा कळवली. अकरा तैलचित्रं आणि रेखाटनांची सहा बाडं. कार्यकारी मंडळाच्या सभेत सगळ्यांचा पहिला प्रश्न होता, टांगायची कुठे? मला वेगळीच चिंता होती: लिहायची कुठल्या वहीत? यावर थोडी हसाहशी झाली. तेव्हा मी न्यूयॉर्कच्या एका चित्राचं प्रकरण सांगितलं. सभेत ते चहा येईपर्यंत उरकावं लागलं. इथे ऐसपैस लिहितो.

समानधर्मे

थॉमस कोल हा अमेरिकी निसर्गचित्रणाच्या पहिल्या पिढीतला मोठा चित्रकार. फेब्रुवारी १८४८ मध्ये तो वारला. त्याच्या शोकसभेत भाषण केलं विल्यम कलन ब्रायंट यांनी. ब्रायंट कवी होते आणि 'न्यूयॉर्क इव्हिनिंग पोस्ट' या वृत्तपत्राचे संपादक. ते भाषण जोनाथन स्टर्जस नावाच्या एका व्यापाऱ्याला इतकं भावलं की त्याने कोलचा मित्र आणि चित्रकार ॲशर ड्युरंड याला एक चित्र काढायला सांगितलं. चित्रात कोल आणि ब्रायंट एकत्र दिसावेत, आणि तयार झालं की ते ब्रायंटना भेट द्यावं, अशी योजना. १८४९ मध्ये चित्र पुरं झालं. नाव 'किंड्रेड स्पिरिट्स'. हे शब्द इंग्लिश कवी कीट्सच्या एका सुनीतातले. आपल्याकडे त्याला भवभूतीचा 'समानधर्मा' हा शब्द चपखल बसतो.

चित्र फार मोठं नाही, साधारण ११२ बाय ९१ सेंटिमीटर. कॅट्सकिल डोंगरातली घळ, खाली पाण्याची धार, दूरवर धबधबा, आणि घळीवर पुढे आलेल्या कातळाच्या जिभेवर दोन माणसं उभी. कोलच्या हातात काठी, बगलेत चित्रांचं बाड. ब्रायंट बोडक्या डोक्याने, टोपी हातात धरून. डाव्या बाजूच्या झाडाच्या खोडावर दोघांची नावं कोरलेली आहेत, आपल्याकडे गडावर दगडांवर दिसतात तशी, फक्त इथे ती चित्रकाराने कोरलीत. खरी गंमत अशी की ही घळ आणि तो धबधबा प्रत्यक्षात एका जागेवरून एकत्र दिसत नाहीत. ड्युरंडने ते जुळवून आणले, जसा नुकताच गेलेला माणूस आणि जिवंत माणूस एका कातळावर आणला.

ब्रायंट १८७८ मध्ये वारले. चित्र घरात राहिलं. १९०४ मध्ये त्यांची मुलगी ज्युलिया हिने ते न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीला दिलं.

वाचनालयालाच का?

आज हा प्रश्न पडतो, १९०४ मध्ये पडला नसणार. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी १८९५ मध्ये तीन संस्थांच्या विलीनीकरणातून तयार झाली: ॲस्टर लायब्ररी, लेनॉक्स लायब्ररी आणि टिल्डन यांचा न्यास. यातल्या लेनॉक्स लायब्ररीत पुस्तकांइतकाच चित्रांनाही मान होता. जेम्स लेनॉक्स हा धनवान बापाचा वारस, संकोची आणि नादिष्ट. १८४७ मध्ये त्याने अमेरिकेत आलेली पहिली गुटेनबर्ग बायबलची प्रत विकत घेतली होती. इंग्लिश चित्रकार टर्नरचं अमेरिकेत आलेलं पहिलं चित्रही त्याचंच. फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या त्याच्या वाचनालयाच्या इमारतीत चित्रांचं स्वतंत्र दालन होतं. पुढे ती इमारत पाडली गेली आणि त्या जागेवर आता फ्रिक कलेक्शन हे कलासंग्रहालय उभं आहे.

टर्नरच्या त्या चित्राचा एक किस्सा इथे सांगायलाच हवा. 'स्टॅफा, फिंगल्स केव्ह' हे चित्र १८४५ मध्ये लेनॉक्सला लंडनहून पोहोचलं तेव्हा ते धूसर आहे म्हणून तो नाराज झाला. मध्यस्थ चित्रकार लेस्लीने ती कुरकुर टर्नरच्या कानावर घातली. टर्नर म्हणाला, "धूसरपणा हेच माझं बलस्थान आहे," असं कित्येक वर्षं सगळीकडे छापलं जात होतं. नंतर मूळ कागद पुन्हा वाचला गेला तेव्हा कळलं की तिथे 'बलस्थान' नाही, 'दोष' असा शब्द आहे. एक शब्द चुकीचा वाचला गेला आणि एका चित्रकाराचा स्वभावच बदलला. ग्रंथपालाच्या धंद्यातल्या माणसाने हे लक्षात ठेवावं.

तर, ज्या संस्थेत टर्नर आहे, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनची गिल्बर्ट स्टुअर्टने काढलेली व्यक्तिचित्रं आहेत, आंधळा कवी मिल्टन मुलींना आपलं 'पॅराडाइज लॉस्ट' हे काव्य सांगतोय हे हंगेरियन चित्रकार मुंकाचीचं भलंमोठं चित्र आहे, तिथे कवी बापाचं चित्र देणं ज्युलियाला साहजिक वाटलं असेल. शिवाय बेचाळिसाव्या रस्त्यावर वाचनालयाची नवी इमारत उठत होती, आणि तिच्या मागच्या बागेला १८८४ पासूनच ब्रायंट यांचं नाव होतं. बाप बागेत, बापाचं चित्र इमारतीत. याहून चांगली जागा कुठली शोधणार?

१९११ मध्ये ती संगमरवरी इमारत उघडली. त्याच वर्षी बागेत ब्रायंट यांचा पुतळा बसला. पुतळा बागेकडे तोंड करून बसलाय, वाचनालयाकडे पाठ.

एकशे एक वर्षं

पुढच्या शतकात काय झालं ते थोडक्यात सांगता येतं: वाचनालय वाचनालय होत गेलं. मेट्रोपॉलिटन संग्रहालय वाढलं, इतर संग्रहालयं आली आणि लोक चित्रं बघायला तिकडे जाऊ लागले. टर्नरचं 'स्टॅफा' वाचनालयाने १९५६ मध्येच विकलं. आज ते येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहे. म्हणजे पुढे जे घडलं ते आभाळातून पडलेलं नव्हतं.

एप्रिल २००५ मध्ये वाचनालयाने जाहीर केलं की आपल्याकडच्या १९ कलाकृती विकायच्या आहेत. अपेक्षा ५ ते ७.५ कोटी डॉलरची. पैसा पुस्तकं आणि संशोधनसंग्रह घेण्यासाठीच्या कायम निधीत जाणार. 'किंड्रेड स्पिरिट्स' सोथबीज या लिलाव कंपनीतर्फे बंद पाकिटातल्या बोलीने विकायचं ठरलं. म्हणजे लिलावगृहात हात वर करायचे नाहीत. प्रत्येकाने आपला आकडा लिहून पाकीट द्यायचं, सगळ्यात मोठं पाकीट जिंकणार. ग्रामपंचायतीच्या निविदेसारखं. मुदत होती महिनाभराची.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी या दोन संस्थांनी मिळून बोली लावली. ती कमी पडली. १२ मे रोजी चित्र गेलं ॲलिस वॉल्टन यांच्याकडे. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांच्या त्या कन्या, आणि आर्कान्सा राज्यातल्या बेंटनव्हिल गावी त्या एक संग्रहालय उभारत होत्या. वृत्तपत्रांत आकडा आला साडेतीन कोटी डॉलरच्या वर. अमेरिकी चित्राला तोवर एवढा भाव आला नव्हता.

न्यूयॉर्कमध्ये गहजब झाला. शहराच्या आठवणीतली वस्तू, शहराला विचारल्याशिवाय, बंद पाकिटात गेली, असा सूर होता. मला यात बोचतो तो एक तपशील: १८६९ मध्ये न्यूयॉर्कला मोठं कलासंग्रहालय हवं म्हणून जी सभा भरली, ज्यातून मेट्रोपॉलिटन उभं राहिलं, तिथे प्रमुख भाषण याच ब्रायंट यांचं होतं. त्यांच्या शब्दावर उभं राहिलेलं संग्रहालय त्यांचं चित्र विकत घेऊ शकलं नाही.

वाचनालयाची बाजू

ही बाजू मी सभेत मांडली तेव्हा दोघातिघांनी नाक मुरडलं, पण ती पोकळ नाही.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी नावाने 'पब्लिक' असली तरी सरकारी खातं नाही. ती खासगी विश्वस्तांची ना-नफा संस्था आहे. वस्तीवस्तीतल्या शाखांचा खर्च मुख्यतः शहर उचलतं. संशोधनाची मोठी ग्रंथालयं बऱ्याच अंशी देणग्यांवर आणि निधीच्या व्याजावर चालतात. तिथे कोणीही आत जाऊन पुस्तक मागू शकतो, फी नाही. तो दरवाजा उघडा ठेवायला पैसा लागतो आणि पुस्तकांच्या, नियतकालिकांच्या किमती कमी होत नाहीत.

उलट चित्राचं असं असतं की जसजसा त्याचा भाव वाढतो तसतसं ते सांभाळणं महाग होतं. विमा वाढतो, पहारा वाढतो, हवेतली आर्द्रता नियंत्रित ठेवावी लागते, प्रदर्शनाला मागणी आली तर पाठवायचं कसं हा स्वतंत्र उद्योग. चित्र काही कमावत नाही. शंभर रुपयांची देणगी लाखाची झाली हे ऐकायला छान, पण तिजोरी आपल्यालाच विकत घ्यावी लागते.

कायद्याच्या बाजूनेही वाचनालयाला आडकाठी आली नाही. संग्रहालयांच्या व्यवसायात संकेत आहे की संग्रहातली वस्तू विकली तर तो पैसा संग्रहासाठीच, मुख्यतः नव्या कलाकृती घेण्यासाठी, वापरायचा. वीजबिलं, पगार त्यातून भागवायचे नाहीत. वाचनालय म्हणालं, आम्ही संग्रहालय नाही; आणि आम्ही हा पैसा आमच्याच संग्रहासाठी, म्हणजे पुस्तकांसाठी लावतो आहोत. संकेताचा आत्मा बघितला तर हे म्हणणं खोटं नाही.

माझं मत असं: विकणं समर्थनीय होतं, विकायची रीत नव्हती. महिन्याभराची मुदत आणि बंद पाकीट यामुळे शहरातल्या संस्थांना पैसा उभा करायला वेळ मिळाला नाही. वर्षभर आधी सांगून, "आम्हाला एवढे हवेत, शहराने हे चित्र ठेवून घ्यावं," असं म्हणता आलं असतं. कदाचित पैसे थोडे कमी आले असते. ज्या संस्थेची सगळी पुण्याई लोकांच्या देणग्यांवर आहे तिने हा विचार करायला हवा होता, कारण पुढचा देणगीदार वर्तमानपत्र वाचत असतो.

त्याच वर्षाच्या अखेरीला सोथबीजमध्ये बाकीच्या कलाकृतींचा लिलाव झाला. सगळ्यांना हवा तसा भाव आला नाही. वॉशिंग्टनचं 'कॉन्स्टेबल-हॅमिल्टन' नावाने ओळखलं जाणारं व्यक्तिचित्र मात्र विकलं गेलं, आणि आज तेही बेंटनव्हिललाच आहे. मुंकाचीचा आंधळा मिल्टन वाचनालयातच राहिला. पुस्तक सांगणाऱ्या कवीचं चित्र वाचनालयातून काढायला मन धजावलं नसेल, असं मला उगाच वाटतं.

जे राहिलं

आता याच वाचनालयाला मिळालेल्या दुसऱ्या दोन देणग्या बघा. माझ्या मते सगळं प्रकरण इथे उलगडतं.

सॅम्युअल एव्हरी हा न्यूयॉर्कचा कलाव्यापारी. १९०० मध्ये त्याने वाचनालयाला १७ हजारांवर मुद्राचित्रं दिली. म्हणजे ठशावरून कागदावर छापलेली चित्रं: एचिंग, लिथोग्राफ असं काम, त्यात माने आणि व्हिसलर या नामवंत चित्रकारांचंही. त्या देणगीतून वाचनालयाचा मुद्राचित्रांचा विभाग सुरू झाला आणि तो आजही चालतो. ही चित्रं भिंतीवर नाहीत. ती खोक्यांत आहेत. वाचक येतो, चिठ्ठी भरतो, खोकं टेबलावर येतं, तो एकेक पान उलटून बघतो. म्हणजे ती पुस्तकासारखीच वागवली जातात. त्यांना क्रमांक आहे, सूची आहे, त्यांची जबाबदारी असलेला माणूस आहे.

दुसरा विल्यम ऑगस्टस स्पेन्सर. एप्रिल १९१२ मध्ये तो टायटॅनिकबरोबर बुडाला. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे त्याची दोनशेवर सचित्र, उत्तम बांधणीची पुस्तकं वाचनालयाला मिळाली. एवढ्यावर थांबला असता तर संग्रह तेवढाच राहिला असता. पण त्याने पैसाही ठेवला, आणि तो कशासाठी वापरायचा तेही लिहिलं: उत्तमातली उत्तम सचित्र पुस्तकं घ्या, कुठल्याही देशाची, कुठल्याही भाषेची. त्या एका ओळीच्या जोरावर वाचनालय पुढे पौर्वात्य हस्तलिखितांपर्यंत पोहोचलं. भारतातली सचित्र हस्तलिखितंही स्पेन्सर संग्रहात आहेत. माणूस अटलांटिकच्या तळाशी गेला आणि त्याच्या नावाने खरेदी चालूच राहिली.

ज्युलियाने चित्र दिलं, एव्हरीने विभाग दिला, स्पेन्सरने विभागही दिला आणि त्याचा भत्ताही. तिघांतलं प्रेम कमीजास्त होतं असं मी म्हणणार नाही. पण वाचनालयाच्या रोजच्या कामात जे हाताळलं जातं तेच तिथे टिकतं. भिंतीवरचं चित्र कोणी मागून घेत नाही, परत करत नाही, त्याची मुदत वाढवून मागत नाही. ते कितीही थोर असलं तरी हिशेबाच्या वहीत घड्याळाच्या शेजारी बसतं. आणि एक दिवस कोणीतरी त्याची किंमत विचारतं.

आमची सभा

हे सगळं ऐकल्यावर आमचे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "मग पुण्याच्या केळकरांनी केलं तसं करायला सांगा त्या बाईंना." दिनकर केळकर, म्हणजे कवी अज्ञातवासी, यांनी गोळा केलेल्या दिवे, अडकित्ते, दौती अशा सुमारे वीस हजार वस्तूंचा संग्रह गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारला दिला. सूचना चांगली होती, पण त्यात गफलत अशी की तिथे आधी संग्रहालय उभं होतं, मग दान झालं. आमच्याकडे आधी दान आलंय आणि भिंतही अजून रंगवायची आहे.

शेवटी मी आणि चिटणीस त्या ताईंच्या घरी गेलो. चित्रं माडीवर होती, जुन्या धोतरांत गुंडाळलेली. अकरांपैकी दोन कॅनव्हासवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. एकाच्या चौकटीला वाळवी लागून गेली होती, ठोकलं तर पोकळ आवाज येत होता. बाडं मात्र लोखंडी ट्रंकेत नीट होती. त्यांनी एक उघडलं. बाजाराच्या दिवसाची रेखाटनं: तराजू धरलेला हात, बैलाचं जू, आमच्याच वाचनालयाच्या पायरीवर पेपर वाचत बसलेला म्हातारा. खाली पेन्सिलीने तारीख आणि 'मंगळवार'. पायरी अजून तीच आहे, तिच्या उजव्या कोपऱ्याचा टवका चित्रातही गेलेलाच आहे.

"ताई, बाडं आम्हाला द्या," मी म्हटलं. "तैलचित्रं आमच्याकडे नाही टिकायची."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मोठी चित्रं हाच त्यांच्या दृष्टीने वडिलांचा खरा संग्रह होता, बाडं म्हणजे वह्या. मग म्हणाल्या, "ती तरी कपाटात कुलूपबंद करून ठेवणार ना? कोणाला दिसणार?"

चिटणिसांनी त्यांना मुद्राचित्रांच्या खोक्यांची, चिठ्ठी भरून टेबलावर मागवायची गोष्ट सांगितली. मीही ती इतकी नीट सांगितली नव्हती.

देणगीपत्र दीड पानाचं झालं. बाडांतली पानं सुटी करून विकायची नाहीत. वाचनालय बंद पडलं किंवा ठेवणं अशक्य झालं तर आधी कुटुंबाला विचारायचं, त्यांनी नको म्हटलं तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सार्वजनिक संस्थेला द्यायचं. ताईंनी सोबत थोडी रक्कम दिली. तिच्या व्याजातून आम्लरहित कागदाची पाकिटं आणि दरवर्षी चित्रकलेचं एक पुस्तक घ्यायचं. रक्कम मोठी नाही, पण ठरावात वेगळ्या शीर्षाखाली लिहिली आहे, म्हणजे पुढच्या मंडळाला ती पंख्यांवर खर्च करता येणार नाही. तैलचित्रांसाठी शहरातल्या एका कलामहाविद्यालयाशी त्यांचं बोलणं चालू आहे.

सोमवारी सहाही बाडं दाखल नोंदवहीत चढली. 'लेखक' या रकान्यात सरांचं नाव, 'पृष्ठे' या रकान्यात मोजून लिहिलेले आकडे. 'किंमत' या रकान्यात काय लिहायचं यावर ग्रंथपाल अडल्या. मी म्हटलं, 'भेट' एवढंच लिहा.